स्टोरेज स्विचची तपासणी : पोर्टवरील वाहतूक आणि पोर्टचे आरोग्य

व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याच्या वहीत असते, असे जुने लोक म्हणत. आज ती वही संगणकात गेली आहे. सहकारी बँकेची खाती, रुग्णालयातील एक्स-रे, कापड कारखान्याचा साठा, निर्यातदाराची बिले, हे सारे एखाद्या थंड खोलीतल्या डिस्कच्या कपाटात ठेवलेले असते. हे कपाट आणि त्यावर काम करणारे सर्व्हर यांच्या मधोमध एक पेटी असते. तिला स्टोरेज स्विच म्हणतात. ही पेटी किंवा तिला जोडलेली एखादी तार आजारी पडली की सगळे काम मंदावते आणि दोष भलत्याच्या माथी मारला जातो.

पैसा वाया जातो तो येथेच. ग्राहक म्हणतो सर्व्हर जुना झाला. सर्व्हरवाला म्हणतो डिस्क कमी पडते. डिस्कवाला नव्या कपाटाचे कोटेशन पाठवून देतो. लाखोंचा माल येतो, बसतो, आणि काम पूर्वीइतकेच हळू राहते. कारण दोष काचेच्या तारेच्या टोकावर बसलेल्या धुळीत असतो. आपल्यातील अनेक तरुण आज संगणक दुरुस्ती, केबल टाकणे आणि देखभालीची कंत्राटे यांवर रोजी कमावत आहेत. ऐरोली, महापे येथील डेटा सेंटरमध्येही अशा कारागिरांना काम मिळते. त्यांच्यासाठी आम्ही हा पाठ देत आहोत. व्यापारी बंधूंनीही तो वाचावा, कारण शेवटी बिल त्यांनाच भरायचे असते.

स्विच म्हणजे काय?

कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारा साधा स्विच बहुतेकांनी पाहिला असेल. स्टोरेज स्विच दिसायला तसाच असतो, पण त्याचे काम वेगळे. तो फक्त सर्व्हर आणि डिस्कचे कपाट यांच्यात माल नेतो-आणतो. त्याच्या भाषेला फायबर चॅनल म्हणतात. १९९४ साली अमेरिकेत या पद्धतीला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. १९९५ मध्ये स्थापन झालेली कॅलिफोर्नियातील ब्रोकेड ही कंपनी या स्विचसाठी प्रसिद्ध झाली. २०१७ मध्ये ती ब्रॉडकॉमने विकत घेतली, तरी स्विचवर ब्रोकेडचेच नाव चालते. दुसरे मोठे नाव सिस्कोच्या एमडीएस स्विचचे. या पाठात आम्ही ब्रोकेडचे उदाहरण घेतले आहे. सिस्कोमध्ये आज्ञांची नावे बदलतात, तत्त्व तेच राहते.

असे अनेक स्विच एकमेकांना जोडले की त्या जाळ्याला 'फॅब्रिक' म्हणतात. फॅब्रिक म्हणजे कापड. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. ताण्याचा एक धागा तुटला तर मागावर काय होते, हे ते जाणतातच. येथेही एक धागा बिघडला की त्याचा त्रास शेजारच्या धाग्यांना होतो. तो कसा, हे पुढे पाहू.

बहुतेक ठिकाणी दोन स्वतंत्र फॅब्रिक असतात आणि प्रत्येक सर्व्हरची एक तार एकीला, दुसरी तार दुसरीला जोडलेली असते. एक रस्ता बंद पडला तरी काम दुसऱ्याने चालू राहावे, हा हेतू.

पहिली पायरी : कोणता पोर्ट कोणाचा?

तपासणी सुरू करताना आधी 'स्विचशो' ही आज्ञा द्यावी. (या पाठातील सर्व आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकाव्यात.) प्रत्येक पोर्टची एक ओळ पडद्यावर येते. तीत पोर्टचा क्रमांक, वेग, स्थिती आणि पलीकडे कोण जोडले आहे ते दिसते. पलीकडच्या यंत्राची ओळख सोळा आकडी नावाने होते, त्याला डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणतात. सर्व्हर किंवा डिस्क जोडलेला पोर्ट 'एफ पोर्ट' असतो. दोन स्विच जोडणारा पोर्ट 'ई पोर्ट' असतो.

स्थितीच्या रकान्यात 'ऑनलाइन' असेल तर तार जिवंत आहे. 'नो लाइट' असेल तर पलीकडून प्रकाश येत नाही. 'नो मॉड्यूल' म्हणजे त्या खाचेत प्रकाश पाठवणारा तुकडा, ज्याला एसएफपी म्हणतात, तोच बसवलेला नाही. वेगाकडेही लक्ष द्यावे. दोन्ही टोकांचे सामान १६ गिगाबिटचे असून पोर्ट ८ वरच चालत असेल, तर कुठेतरी जुना एसएफपी बसला आहे किंवा वेग हाताने बांधून ठेवला आहे.

या यादीवरून कागदावर एक तक्ता करावा : पोर्ट क्रमांक, यंत्राचे नाव, तारेवरील चिठ्ठी. आमचा अनुभव असा की निम्मे घोळ हा तक्ता नसल्यामुळे होतात. एका सर्व्हरची तार समजून दुसऱ्याची ओढली जाते.

दुसरी पायरी : वाहतूक मोजणे

किती माल जातो-येतो हे पाहण्यासाठी 'पोर्टपर्फशो' ही आज्ञा आहे. ती दर काही सेकंदांनी प्रत्येक पोर्टवरचा आकडा दाखवते. हा आकडा बाइटमध्ये असतो, तर पोर्टचा वेग बिटमध्ये सांगतात. येथे नवशिके फसतात. सोपा हिशेब असा : ८ गिगाबिटचा पोर्ट एका दिशेला सेकंदाला सुमारे ८०० मेगाबाइट नेऊ शकतो, १६ गिगाबिटचा सुमारे १६०० आणि ३२ गिगाबिटचा सुमारे ३२००. जाण्याची आणि येण्याची वाट वेगवेगळी असते. आज्ञेने दाखवलेला आकडा सहसा दोन्हींची बेरीज असतो, म्हणून जाणे आणि येणे वेगळे करून पाहावे.

एकदा पाहून काही कळत नाही. दुकानात गर्दी किती हे दुपारी दोनला पाहून ठरवत नाहीत. सकाळी काम सुरू होताना, भर दुपारी, रात्री बॅकअप चालू असताना आणि महिनाअखेरीस अशा चार वेळी नोंद घ्यावी. एखादा पोर्ट रोजच्या कामात सतत तीन-चतुर्थांशाहून अधिक भरलेला असेल तर त्याला दुसरी तार जोडण्याचा विचार करावा. फक्त बॅकअपच्या वेळी भरत असेल तर चिंता नाही, बॅकअपचे कामच ते आहे. पण आकडा लहान असून काम अडत असेल, तर समजावे की रस्ता अरुंद नाही, रस्त्यात काहीतरी आडवे पडले आहे. मग तिसरी पायरी.

तिसरी पायरी : चुकांचे मोजमाप

'पोर्टएरशो' ही आज्ञा प्रत्येक पोर्टवर झालेल्या चुका रकान्यांत मांडते. रकाने पुष्कळ आहेत, पण कारागिराने पुढील पाच ओळखले तरी बहुतेक काम भागते.

१) 'सीआरसी एर' : माल पोचला, पण वाटेत बिघडला. प्रत्येक फ्रेमसोबत, म्हणजे मालाच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत, एक ताळ्याची बेरीज पाठवली जाते. ती जुळली नाही की ही संख्या एकाने वाढते.

२) 'सीआरसी जी-ईओएफ' : हा रकाना फार कामाचा. बिघडलेली फ्रेम पहिल्यांदा ज्या स्विचला सापडते, तो तिच्या शेपटीवर 'खराब' अशी खूण करून पुढे पाठवतो. म्हणून सीआरसी आणि हा रकाना दोन्ही वाढत असतील तर दोष याच पोर्टच्या तारेत आहे. फक्त सीआरसी वाढत असेल आणि हा शून्य असेल, तर माल आधीच कुठेतरी बिघडून आला आहे. येथील तार बदलून उपयोग नाही.

३) 'एन्क आउट' : दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेतील संकेत बिघडले. हे बहुधा तार किंवा एसएफपी यांच्या दोषाने होते. सर्व्हर बंद-चालू केला तरी ही संख्या उडी मारते, म्हणून एकट्या याच आकड्यावरून निकाल देऊ नये. १६ गिगाबिट व त्यापुढच्या वेगात संकेतांची पद्धत वेगळी आहे, तेथे 'पीसीएस एर' हा रकाना पाहावा.

४) 'लिंक फेल', 'लॉस सिंक', 'लॉस सिग' : तार तुटली, सूर जुळेना, प्रकाश गेला. सर्व्हर कोणी बंद केला नसताना हे आकडे वाढत असतील तर जोड सैल आहे.

५) 'डिस्क सी३' आणि 'सी३ टाइमआउट' : स्विचने फ्रेम टाकून दिली. पुढे जायला वाट मिळाली नाही, ठरलेला वेळ संपला, म्हणून टाकली. हा वेळ सहसा अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी असतो. पण टाकलेल्या मालाची वाट पाहणारा सर्व्हर लगेच पुन्हा मागत नाही. लिनक्सचा सर्व्हर साधारणपणे ३० सेकंद आणि विंडोजचा ६० सेकंद थांबतो. पडद्यासमोर बसलेला माणूस म्हणतो, संगणक अडकला. एका टाकलेल्या फ्रेमची ही किंमत आहे.

येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हे आकडे स्विच चालू झाल्यापासूनची किंवा शेवटचे पुसल्यापासूनची बेरीज असतात. '५०००' हा आकडा दोन वर्षांचा आहे की आजचा, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आधीचे आकडे जतन करून मग 'स्टॅट्सक्लिअर' या आज्ञेने पाटी कोरी करावी आणि ठरावीक तासांनी पुन्हा वाचावे. दोन वाचनांमधला फरक हाच खरा आकडा. दुसरी, पोर्ट आपल्याकडे आलेल्या मालाचीच बेरीज तपासतो. त्याने पाठवलेला माल पलीकडे बिघडून पोचला तर त्याची नोंद पलीकडच्या यंत्रात होते. एका टोकाची तपासणी ही अर्धीच तपासणी होय.

चौथी पायरी : बिल्ल्यांचा हिशेब

फायबर चॅनलचा एक नियम इतर जाळ्यांहून निराळा आहे. पलीकडे जागा आहे याची खात्री असल्याशिवाय तो माल सोडत नाही. गोदामाचे उदाहरण घ्या. गोदामवाल्याने हमालाला आठ बिल्ले दिले. एक पोते आत टाकले की एक बिल्ला द्यायचा. गोदामवाल्याने पोते रचून जागा मोकळी केली की बिल्ला परत मिळतो. बिल्ले संपले की हमाल दारात उभा. या बिल्ल्यांना क्रेडिट म्हणतात.

आता एखादा सर्व्हर सुस्त असला, किंवा खराब तारेमुळे परत येणारे बिल्ले वाटेतच हरवू लागले, तर स्विच त्या पोर्टवर माल घेऊन उभा राहतो. मागची रांग वाढते. रांग डिस्कच्या पोर्टपर्यंत पोचते, आणि ज्या सर्व्हरांचा काही दोष नाही तेही त्याच रांगेत अडकतात. तुटलेल्या धाग्याचा त्रास शेजाऱ्याला होतो तो असा. तक्रार एका सर्व्हरची येते आणि दोष दुसऱ्याच्याच तारेत असतो.

हे ओळखण्यासाठी 'पोर्टस्टॅट्सशो' ही आज्ञा पोर्ट क्रमांकासह द्यावी आणि 'टिम-टीएक्सक्रेड-झेड' ही ओळ शोधावी. बिल्ला नसताना गेलेला वेळ तेथे मोजला जातो. एक खूण म्हणजे २.५ मायक्रोसेकंद. सेकंदात अशा चार लाख खुणा मावतात. समजा, एका मिनिटात हा आकडा ४८ लाखांनी वाढला. ४८ लाख गुणिले २.५ मायक्रोसेकंद म्हणजे १२ सेकंद. साठपैकी बारा, म्हणजे वीस टक्के वेळ पोर्ट नुसता उभा होता. थोडीफार वाढ सर्वत्र असते. पण एखादा पोर्ट शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेला असेल आणि सोबत 'सी३ टाइमआउट'ही वाढत असेल, तर चोर सापडला.

पाचवी पायरी : प्रकाश मोजणे

'एसएफपीशो' ही आज्ञा पोर्ट क्रमांकासह दिली की तापमान, विजेचा दाब, पाठवलेला प्रकाश आणि मिळालेला प्रकाश दिसतो. प्रकाश डीबीएम या मापात असतो आणि आकडे बहुधा उणे असतात. तीन डेसिबल कमी म्हणजे प्रकाश निम्मा. दहा कमी म्हणजे एक दशांश. पलीकडच्या टोकाने पाठवलेल्या आकड्यातून आपल्याला मिळालेला आकडा वजा केला की वाटेतला तोटा कळतो. फिकट निळ्या रंगाच्या ओएम ३ तारेत शंभर मीटरवर अर्धा डेसिबलही जात नाही. बाकीचा तोटा जोडांचा. म्हणून खोलीतल्या खोलीत तीन-चार डेसिबल जात असतील तर संशय घ्यावा.

तारेच्या लांबीलाही मर्यादा आहे. ओएम ३ तार ८ गिगाबिटला १५० मीटर, १६ ला १०० मीटर आणि ३२ ला ७० मीटर चालते. जुन्या तारेवर नवा वेगवान स्विच बसवताना हे विसरू नये. तारेला बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नये. आणि चालू तारेच्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

उदाहरण सोडवून पाहू

समजा, एका तयार कपड्यांच्या कारखान्यात रात्री दहानंतर सर्वच सर्व्हर अर्धा-अर्धा मिनिट अडकतात. १६ गिगाबिटचा स्विच आहे. डिस्क पोर्ट ८ वर आणि बॅकअपचा सर्व्हर पोर्ट ५ वर आहे. मालकाला नव्या डिस्कचे कोटेशन आले आहे.

आपण आकडे पुसून रात्री नऊ आणि अकराला वाचन केले. पोर्ट ८ वर वाहतूक १५० मेगाबाइट, म्हणजे क्षमतेच्या दहा टक्केही नाही, आणि चूक एकही नाही. याचा अर्थ डिस्कचा रस्ता भरलेला नाही. पोर्ट ५ वर मात्र सीआरसी ३४० ने वाढले आणि जी-ईओएफही ३४० ने. म्हणजे दोष याच तारेत. सी३ टाइमआउट १२, आणि बिल्ल्याविना गेलेला वेळही इतर पोर्टांहून खूप जास्त. प्रकाश पाहिला : सर्व्हर उणे २.५ पाठवतो, स्विचला उणे ९.५ मिळतो. सात डेसिबल गेले, म्हणजे प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो.

साखळी आता जुळते. सर्व्हरकडून स्विचकडे येणारी काच मळली आहे. त्यामुळे माल बिघडतो, आणि त्याच वाटेने परत येणारे बिल्लेही हरवतात. बिल्ले हरवल्याने स्विच अडतो, रांग डिस्कच्या पोर्टपर्यंत जाते आणि सगळे थांबतात. रात्रीच का? कारण बॅकअप रात्री चालतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. आधी त्या सर्व्हरचा दुसऱ्या फॅब्रिकचा रस्ता चालू आहे याची खात्री करावी आणि ग्राहकाची संमती घ्यावी. मग तार काढून दोन्ही टोके फायबर साफ करण्याच्या पेनने पुसावीत. शर्टाच्या टोकाने कधीही नाही. फरक पडला नाही तर तार बदलावी, मग एसएफपी, शेवटी पोर्ट. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि प्रत्येक वेळी वाचन घ्यावे. सगळे एकदम बदलले तर काम होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि चांगला एसएफपीही भंगारात जाईल. तार पुन्हा जोडल्यावर दोन्ही यंत्रे नव्याने ओळख करून घेतात आणि हरवलेले बिल्ले पूर्ववत होतात. त्यानंतर पाटी कोरी करून एक पूर्ण दिवस, रात्रीच्या बॅकअपसह, पाहावे. आकडे शून्यावर राहिले तर काम झाले.

रोजची शिस्त

स्विचच्या देहाचीही चौकशी करावी. 'स्विचस्टेटसशो' एकूण प्रकृती सांगते, तर पंखे, वीजपुरवठा आणि तापमान यांसाठी 'फॅनशो', 'पीएसशो' आणि 'टेम्पशो' आहेत. घडलेल्या घटनांची वही 'एरडंप'ने दिसते. स्विचचे घड्याळ बरोबर असेल तरच तिचा उपयोग.

रोज हाताने पाहणे जमत नसेल तर ब्रोकेडमध्ये 'मॅप्स' नावाची सोय आहे. चुकांनी ठरलेली मर्यादा ओलांडली की ती ई-मेल पाठवते. तिच्यात सौम्य, मध्यम आणि कडक असे तयार नियमसंच असतात. मध्यमने सुरुवात करावी. पहिल्याच दिवशी कडक नियम लावले तर इतके इशारे येतात की माणूस ते वाचणेच सोडून देतो.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. कारागिराने दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे तारीख-वेळेसह ग्राहकाच्या हाती द्यावेत. मोजून दिलेल्या मालाबद्दल भांडण होत नाही, तसेच मोजून केलेल्या दुरुस्तीबद्दलही होत नाही. आणि व्यापाऱ्याने नव्या सामानाच्या कोटेशनवर सही करण्यापूर्वी तीनच गोष्टी मागाव्यात : पोर्ट किती भरतो, चोवीस तासांत चुका किती वाढल्या, आणि प्रकाश किती मिळतो. आकडे पाहून सामान खरोखरच कमी पडत असेल तर खुशाल घ्यावे. आकडे दाखवता येत नसतील तर खरेदी थांबवावी आणि आधी तारेचे टोक पुसून घ्यावे.